शंभरातल्या चार पेशी

"तुमच्याकडे कुणाला होतं का गं असलं काही?" नणंदेने विचारलं.

मी तेव्हा भोंग्याच्या उशीवरचे केस वेचत होते. भोंगा म्हणजे माझी मोठी मुलगी, वय नऊ. जन्मली तीच अशी किंचाळत की प्रसूतिगृहातल्या नर्सनेच हे नाव ठेवलं, आणि पोरीने ते पुढे इमानेइतबारे चालवलं. दोन महिन्यांपूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी केस जातील हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाज जाईल हे कुणी सांगितलं नव्हतं. हल्ली ती पाणी मागते तेही इतकं हळू, की मला स्वयंपाकघरातून दोनदा येऊन विचारावं लागतं.

तर "तुमच्याकडे" म्हणजे माझ्या माहेरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नणंद दोन महिने आमच्याकडे राहून घर सांभाळत होती. स्वयंपाक, धुणं, धाकटीची शाळा, सगळं तिच्या जिवावर चाललेलं. जिचे उपकार घ्यायचे तिच्यावर नीट चिडताही येत नाही, हा या आजारपणातला आणखी एक जाच.

"माझ्या आजोबांना दमा होता," मी म्हटलं. "तेवढा चालेल का, ताई?"

"तसं नाही गं. मी आपलं विचारलं."

आपलं विचारलं! सगळेच आपलं विचारत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, दिवस गेलेले असताना मी मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे का. कारखान्यातल्या मुकादमाने विचारलं, मी कधी रंगखात्यात काम केलंय का. शाळेच्या बाईंनी विचारलं, घरात झुरळांचं औषध मारता का. नवऱ्याच्या एका मित्राने तर त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुमचं लग्न नात्यातलं आहे का. जो तो हे आलं कुठून ते शोधत होता. कुठून आलं ते एकदा कळलं, की आपल्या घरात ते यायचं नाही अशी खात्री करून घेता येते. हे मला कळत होतं, आणि तरी एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

शेवटी मी ठरवलं, डॉक्टरांकडून लिहूनच आणायचं. हे कुणाच्या माहेरचं नाही आणि कुणाच्या सासरचं नाही. कागद फ्रिजवर चिकटवीन, नणंदेच्या नाकासमोर. येणाऱ्याजाणाऱ्यालाही वाचता येईल.

भोंग्याच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जा. मुलांच्या रक्ताचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आहेत तिथे. त्या मला नीट समजावतात, तुम्हालाही समजावतील. शिवाय तुमच्या मुलीचा जुना नमुना त्यांच्याकडेच आहे."

"जुना कसला नमुना?"

"शाळेत घेतला होता ना? तुम्हीच दिला असणार."

मी जिना चढले तेव्हा ते शब्द माझ्या डोक्यात नुसते होते, त्यांचा अर्थ अजून लागला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरची खोली लांबट होती. एका भिंतीला उंच फ्रिज, त्यांची एकसारखी घरघर. खिडकी होती, पण खोक्यांनी बुजवलेली. टेबलावर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. मॅडम माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असाव्यात. कानामागे पेन खोवलेलं होतं आणि त्या तेच पेन टेबलभर शोधत होत्या. मी सांगितलं तेव्हा जरा लाजल्या. त्या क्षणी मला त्या आवडल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ताबडतोब दिलं. "आईकडून आलेलं नाही, वडिलांकडूनही नाही. आम्ही तिच्या गालाच्या आतल्या पेशी तपासल्या, या आजाराच्या मुळाशी जो बदल आहे तो तिथे नाही. फक्त रक्तात आहे. म्हणजे तो नंतर झालाय, तिच्या एका पेशीत."

"केला कुणी?"

"कुणीच नाही. रक्ताच्या पेशी रोज नव्या बनतात. बनताना आतल्या जनुकांच्या सगळ्या मजकुराची नक्कल होते. इतक्या नकला म्हटल्यावर कुठेतरी चूक राहते. एका पेशीत ती राहिली, मग त्या पेशीची पिल्लं झाली, त्यांच्यातही तीच चूक. तुमच्या-माझ्या रक्तातही अशा चुका असतील. लहान मुलांच्यात कमी सापडतात, पण सापडतात."

कुणीच नाही, हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला जास्तच राग आला. कुणी असता तर त्याचं घर शोधून काढलं असतं.

"पुढे काय झालं ते दाखवते," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या. खालची रांग मधेच चांगली पायरीएवढी तुटली होती. "हा दोन महिन्यांपूर्वीचा नमुना." वरची रांग जवळजवळ सरळ होती. त्याच जागी किंचित ढळली होती, बोटाने चाचपावं लागेल एवढीच. "आणि हा ती चार वर्षांची असतानाचा. तेव्हा शंभरातल्या चार पेशींत होता."

मी दोन्ही रांगा पाहिल्या. ढळलेली जागा मला मॅडमनी बोट ठेवायच्या आधीच दिसली होती. माझं कामच ते आहे. मी कापड तपासते. उतरत्या काचेवरून कापड सरकत असतं, खालून दिवा असतो, आणि मी उभी राहून सुटलेला धागा, गाठ, डाग बघते. चौदा वर्षं हेच करतेय.

"म्हणजे तुम्हाला पाच वर्षं माहीत होतं," मी म्हटलं.

"नमुना पाच वर्षांपूर्वीचा. तपासला तीन वर्षांपूर्वी."

"बरं, तीन वर्षं. तीन वर्षं तुम्ही मूग गिळून बसलात?"

त्यांनी पेन पुन्हा कानामागे खोवलं. "असा बदल ज्या मुलांत दिसतो त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं. पण त्यांतल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. कित्येकांच्या रक्तातून तो आपोआप नाहीसा होतो. सगळ्यांना सांगितलं तर बहुतेक आईबाप विनाकारण वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून जगतील. आणि सांगून आम्ही देणार काय? यावर आधी घ्यायचं औषध नाही."

बहुतेक! या शब्दाची मला शिसारी बसली आहे. बहुतेक मुलांना काही होत नाही, बहुतेक मुलं बरी होतात, बहुतेक उलट्या तिसऱ्या दिवशी थांबतात. माझी पोरगी बहुतेक नाही. ती एकच आहे आणि तिला झालंय.

"मॅडम, मी कापड तपासते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "दोष दिसला की मी मशीन थांबवते आणि काठाला लाल दोरा बांधते. बारीकसा दोष असतो, तागा पास होतो. पास झाला तरी दोरा काढत नाहीत. पुढे ज्याच्या कात्रीखाली जाईल तो बघून घेतो, वगळायचं की वापरायचं. ते मी ठरवायचं नसतं. चिंधीला दोरा बांधतो आम्ही, चिंधीला! आणि तुम्ही माझ्या पोरीला बांधला नाहीत."

त्या उठल्या. खोक्यांतून एक जाडजूड फाइल काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवली. तीन पानांचा फॉर्म होता. दुसऱ्या पानावर मधोमध लिहिलेलं: "या अभ्यासात आढळलेली कोणतीही गोष्ट पालकांना वैयक्तिकरीत्या कळवली जाणार नाही, हे मला मान्य आहे." खाली सही. माझी.

मला तो दिवस आठवला. शाळेच्या दारात टेबल मांडलं होतं. रक्त देणाऱ्या मुलांना रंगीत पेन्सिलींची पेटी मिळत होती आणि भोंग्याने पेटीसाठी रस्ताभर भोंगा लावला होता. माझी दुपारची पाळी होती. मी उभ्याउभ्या, पिशवीवर कागद धरून सही ठोकली. तीनतीनशे मीटर कापड डोळ्यांत तेल घालून बघणारी मी, तीन पानं वाचली नाहीत.

कुणी तोंडात मारावी तशी मी गप्प झाले. मग वाटलं, मला गप्प करायलाच दाखवली असणार ही सही, आणि पुन्हा चिडले.

"सांगितलं असतंत तर काय झालं असतं? खरं सांगा."

"दर काही महिन्यांनी रक्त तपासता आलं असतं. कदाचित चारसहा आठवडे आधी कळलं असतं. तिच्या प्रकारात त्याने उपचार फारसे बदलले नसते. खरंच सांगतेय."

"चारसहा आठवडे."

"हो."

"त्या सहा आठवड्यांत मी तिला काय म्हणत होते माहीत आहे? नाटकी. अभ्यासाच्या वहीवर डोकं ठेवून झोपायची. नाटकी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दर मजल्याला बसायची. नाटकी. नडग्यांवर निळे डाग उठले होते, मी म्हटलं, आणखी धडपड. एक दिवस सकाळी माझी बस चुकत होती आणि ही बूट न घालता जिन्यात बसून राहिली. पाय दुखतात म्हणाली. मी तिला मारलं. थोबाडीत. जिन्यातली दारं उघडली इतक्या जोरात. नऊ दिवसांनी नाकातून रक्त आलं ते थांबेना, तेव्हा इथे आणली." मला धाप लागली होती. "उपचार बदलले नसते म्हणता. मला माहीत असतं तर मी तिला मारलं नसतं. ते बदललं असतं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचाही राग आला. पगार घेऊन रडतात, असं काहीतरी मनात येऊन गेलं. ते तोंडातून निघालं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा जरा. तुम्हाला हे सांगायलाच हवं. तुमच्या धाकट्या मुलीचाही नमुना आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वीचा. तपासून झालाय."

मी पुन्हा बसले.

"नियम आता बदललाय. आजार झालेल्या मुलाचं पालकांना दाखवता येतं, इतरांचं दोन्ही पालकांनी लेखी मागितलं तरच सांगता येतं. नाही मागितलं तर मी काही बोलणार नाही." त्यांनी नवा कोरा फॉर्म पुढे केला. "हा घरी न्या. वाचा. घाई नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, काठाला काही दिसतंय का ते शोधत. त्यांनी नजर खाली घातली होती. मुद्दामच घातली असावी.

घरी येऊन नणंदेला पहिलं सांगितलं, "कुणाकडचंच नाही. ना माझ्याकडचं, ना तुमच्याकडचं." मला वाटलं ती ओशाळेल. ती मटकन खुर्चीत बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "आमची एक आत्या अशीच गेली होती," ती म्हणाली. "मी आल्या दिवसापासून धास्तावले होते, आमच्याकडचंच असणार म्हणून. म्हणून तर आधी तुला विचारलं." म्हणजे दोन महिने ही बाई माझ्या माहेरी खड्डा खणत होती तो स्वतःचा जीव हलका करायला! मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. थोडा राग शिल्लक ठेवायला हवा होता.

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक आहे. त्याने हात धुऊन-पुसून फॉर्म वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि टेबलावर पालथा ठेवला.

"मला नको कळायला," तो म्हणाला.

"का?"

"त्याच्यावर औषध आहे?"

"नाही."

"मग कळून काय करू? एक पोरगी पेशंट झालीच आहे. दुसरीला कागदावर कशाला करतेस? निघालंच काही, तर आपण मुंगीकडे मुंगी म्हणून बघणारच नाही."

मुंगी म्हणजे आमची धाकटी, वय सहा. सतत काहीतरी इथून उचलून तिथे नेत असते. त्या वेळी ती भोंग्याची जुनी टोपी बाहुलीसाठी पळवत होती.

"मी तशीही रोज तिच्या नडग्या बघतेय," मी म्हटलं. "काल आंघोळीच्या वेळी अर्धा तास बघितल्या. गुदगुल्या होतात म्हणून हसत होती ती. आणि मी तिला हसू देत नव्हते. तुझ्या आगारात ब्रेक वाजायला लागला तर तू कानात बोळे घालतोस का?"

"पोरगी आहे ती. बस नाही."

"म्हणूनच!"

मग आमचं जुंपलं. आठवडाभर जुंपलेलंच होतं. नणंद आमच्या मधून ताटं घेऊन जायची आणि म्हणायची, जेवताना तरी नको. सहाव्या दिवशी तो थकून म्हणाला, "तू भर. मी सही करतो. पण काय निघालं ते मला तू सांगायचंस, त्या बाईने नाही." मला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी भोंग्याच्या पलंगाशी बसून फॉर्म भरायला घेतला. या खेपेला एकेक ओळ बोट ठेवून वाचली. चौथ्या पानावर एक रिकामी ओळ होती, "माहिती मागण्याचे कारण". भरलंच पाहिजे असं नव्हतं. पण माझ्याकडे कारण तयार होतं, त्या खोलीतून निघाल्यापासून तयार होतं. मी लिहिलं, "माहीत असलं तर माझ्या हातून तिला मारलं जाणार नाही."

पलंगावर हालचाल झाली. भोंगा जागी होती आणि माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला वाचायचा नाद आहे, औषधांच्या बाटल्यासुद्धा वाचते.

"हे मुंगीबद्दल आहे?" तिने तिच्या नव्या, हळू आवाजात विचारलं.

"हो."

"मला मारलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं गं, बाळा. माहीत असतं तर कशाला मारलं असतं?"

तिने जरा विचार केला. भुवया गेल्यापासून तिचा विचार नुसत्या कपाळावर दिसतो. "म्हणजे माहीत नसलं," ती म्हणाली, "की मारायचं?"

मी त्या मॅडमशी इतकी तावातावाने भांडले, नवऱ्याशी आठवडाभर भांडले, नणंदेवर दात धरला, आणि हे कुणीच मला विचारलं नव्हतं. तिचे पाय दुखत होते. ती मला सांगत होती, पाय दुखतात. रक्ताचा कागद नसताना, शंभरातल्या पेशी कुणी मोजलेल्या नसताना, तेवढं पुरेसं नव्हतं का? तो लाल दोरा तिने स्वतःच बांधून माझ्यापुढे धरला होता.

"नाही," मी म्हटलं. "नसतं मारायचं."

मी ती ओळ खोडली. दोनदा खोडली, वाचता येऊ नये म्हणून. कारणाची जागा रिकामी ठेवली आणि खाली सही केली.

"मग सॉरी म्हण," भोंगा म्हणाली.

"सॉरी."

"असं नाही. मोठ्याने. मारलंस तेव्हा जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं होतं."

माझ्या मनात आलं की आज रविवार आहे, सगळे घरी असतील. ते मनात आलं याचीच लाज वाटून मी उठले. बाहेरचं दार उघडलं आणि जिन्यात उभी राहिले, त्याच पायरीपाशी.

"मी हिला मारलं!" मी ओरडले. "पाय दुखत होते तिचे आणि मी मारलं! माझं चुकलं!"

नणंद हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. नवरा तोंडात ब्रश घेऊन आला. खालचं एक दार उघडलं. वरून ती मोबाइलवाली बाई कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "अहो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी आपलं सांगितलं."

आतून भोंग्याचा आवाज आला. जुना नव्हता, पण दारापर्यंत पोचला.

"अजून एकदा."

मी अजून एकदा सांगितलं.